उकळीत टिकलेला सांधा

मिस्त्रीच्या हाताला नावं ठेवील असा माणूस आमच्या गल्लीत जन्मला नव्हता. नडली ती त्याची छाती. लाकूड चिकटवायच्या डब्यातल्या सरसाच्या वासानं डोळे लालबुंद व्हायचे, खोकल्याची उबळ आली की रंधा लाकडावर तसाच थांबायचा. डॉक्टरांनी सांगून टाकलं, हा वास सोडा, नाहीतर धंदा सोडा. मिस्त्री हेकट. सरसाशिवाय सुतारकी म्हणजे विहिरीशिवाय मोट, म्हणाला, आणि पटाश्यांना तेल लावून पेटीत भरायला बसला.

त्याच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. शिक्षण चौथी. तिनं नवऱ्याकडून दोन महिने मागून घेतले. घाण्यावरून सोयाबीनची पेंड आणली, बारीक दळली, चुन्याच्या निवळीत भिजवून मंद आचेवर घोटली. वास फक्त ओल्या पिठाचा. पहिली खुर्ची झकास चिकटली. चौथ्या दिवशी उंदरांनी सांधे कुरतडून तिचे पाय मोकळे केले.

"खुर्ची माणसांसाठी केलीस, की उंदरांना पंगत वाढलीस?" मिस्त्री म्हणाला.

काकू हसलीही नाही, चिडलीही नाही. उंदीर तुरट गोष्टीला तोंड लावत नाही, एवढं ज्ञान तिला पुरलं. वखारीत बाभळीच्या सालीचे ढीग वाऱ्यावर पडलेले. साल कुटून उकळली, लाल काढा पेंडीत घातला. प्रमाण जरा हुकलं की खळीचा वाटीतच दगड. घरातल्या नऊ वाट्या अशा कामी आल्या. दहावीतला सरस जमला. उंदरांनी हुंगून सोडला, पण पाण्यात टिकतो का, हे कुणाला ठाऊक?

तिनं दोन फळ्या सांधल्या, सुकू दिल्या आणि पातेल्यात घालून सकाळपासून चार तास उकळल्या. फळी शिजली का, मीठ घातलं का, असे मिस्त्रीचे टोमणे चालू. पण स्वतः तो चुलीपुढून हलेना. मग त्यानं ओलीच फळी शिकंज्यात आवळली आणि मोगरी हाणली. तिसऱ्या घावाला लाकूड फाटलं. सांधा जागचा हलला नाही. सुतारकीत याहून मोठा दाखला नसतो.

फळी उलटीपालटी करून झाल्यावर, बायकोच्या कशालाच तीस वर्षांत बरं न म्हटलेला तो माणूस म्हणाला, "शाळेची बारा बाकं करायचीत. एवढा सरस होईल?"

"होईल. पण दिवसभर आवळून ठेवावं लागतं. घाई चालायची नाही, अहो."

मिस्त्रीनं चपला घातल्या, शाळेत गेला आणि चार दिवस जादा मागून आला.