वनमालाच्या टोपल्या

त्या रविवारी मी सकाळी नऊ वाजेपर्यंत झोपले होते. वडशाला, भावाच्या घरी. आदल्या रात्री आम्ही सगळे नाटकाला गेलो होतो, आणि आमच्या झाडीपट्टीतलं नाटक उजाडल्याशिवाय संपत नाही. रडारड झाली, विनोद झाला, नाचगाणं झालं, पुन्हा रडारड झाली, आणि आम्ही डोळे चोळत घरी आलो. मोबाइलचा आवाज बंद करून तो मी उशीखाली ठेवला होता. उठून पाहते तर शाळेतून अकरा फोन येऊन गेलेले. बारावा मी केला. वसतिगृहाच्या अधीक्षिका एवढंच म्हणाल्या, "कुंदाताई, वनमालाबाई गेल्या हो." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. पलीकडे त्या रडायला लागल्या, तेव्हा मला कळलं.

वनमाला आणि मी धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत अकरा वर्षं एका खोलीत राहिलो. ती मराठीची, मी गणिताची. ती बुटकी, सावकाश बोलणारी, चहात दोन चमचे साखर जास्त टाकणारी. मी तापट. आमचं जमलं कसं, याचं साऱ्या शाळेला नवल होतं. जमलं ते तिच्यामुळे. मी आदळआपट करून थकले की ती विचारायची, "झालं का? मंग जेवून घेऊ." तिच्या डोळ्यांत कायम एक पिवळट झाक असे. सिकलसेल. आमच्याकडे हा शब्द खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक असतो. महिन्या-दोन महिन्यांनी तिचे सांधे असे दुखायला लागत की ती उशी दातांत धरायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला खडू घेऊन वर्गात हजर. तिला फार वर्षं मिळणार नाहीत हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही, हे मात्र आता कळलं.

पाठ्यपुस्तकात साहित्यप्रकारांचा प्रश्न असतो. पोरं ती यादी पाढ्यांसारखी म्हणायची... कथा, कादंबरी, नाटक, कविता, आत्मचरित्र, प्रवासवर्णन. एकदा तिनं एका मुलाला विचारलं, "आत्मचरित्र म्हंजे काय?" तो ताठ उभा राहून म्हणाला, "पाच मार्क, बाई." वनमाला हसली नाही. त्या आठवड्याच्या बाजारातून तिनं बांबूच्या सहा टोपल्या विकत आणल्या आणि वर्गाच्या भिंतीला ओळीनं मांडल्या. पहिला महिनाभर त्यात एकही पुस्तक पडलं नाही. ती फक्त विचारायची, तुमच्या घरी कोण काय सांगते? कोणाची आजी भुताचं सांगायची, ते एका टोपलीत. कोणाचा काका मोहाची घेतली की आपण एकट्यानं अस्वल कसं पळवलं ते सांगायचा, ते दुसरीत. धानाच्या रोवणीच्या वेळी बाया चिखलात वाकून म्हणतात ती गाणी तिसरीत. कोणाचा बाप सिरोंच्याला जाऊन आला आणि तिथली गोदावरी, तिथली तेलुगू बोली याबद्दल चार दिवस बोलत राहिला, तर ते प्रवासवर्णन. पोरं चिठ्ठ्या लिहून टाकायची. पुस्तकं नंतर आली, आणि नियम असा, की पुस्तक टोपलीत टाकण्याआधी ते तिथंच का, हे सांगायचं. त्यावरून वर्गात अशी भांडणं जुंपायची की शेजारी माझ्या वर्गात लसावि-मसावि ऐकू यायचा नाही. मी तिला भाजीवाली म्हणायचे. "आज कशाचा भाव काय?" असं दारातून ओरडून जायचे. ती मला हाकलायची. चौथी-पाचवीतली पोरं मात्र पुस्तक हातात घेतलं की आधी दोन पानं वाचून म्हणायची, "हे कोनी सांगून राह्यलं, आन् खरं सांगून राह्यलं का मनचं?" मराठी शिकवण्याचं याहून जास्त काय असतं, मला माहीत नाही.

सुमन सहावीत होती. तिचं गाव जंगलात आत. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा बाप मोहफुलं वेचायला गेला, तो वाघानं धरला. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, वनमालालाही. तरी जुलैत एका पावसाळी दुपारी तिनं प्राण्यांच्या गमतीच्या टोपलीतलं एक पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. त्यात एक बावळट वाघ होता आणि ससा त्याला फसवत होता. वनमाला वाघाचा आवाज फार छान काढायची. वर्ग लोटपोट हसत होता. सुमन उठली, तिनं बाईंच्या हातातून पुस्तक घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन खऱ्या घडलेल्या गोष्टींच्या टोपलीत टाकलं. "काऊन वं?" वनमालानं विचारलं. तेव्हाही तिच्या लक्षात आलं नव्हतं. सुमन म्हणाली, "बाई, वाघ खरा असते. बोलत नाई." आणि जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर ती वर्गात बोलली नाही. त्या संध्याकाळी वनमाला खाटेवर बसून होती, ताट तसंच. "कुंदे, शहरातल्या पोराईसाठी लिवलेली गोष्ट मी या पोरीले हसत हसत वाचून दाखवून राह्यली. बारा वाघ हाय त्या टोपलीत. एकदाही मनात आलं नाई माह्या." मी म्हटलं, चूक होते माणसाची, जेव. पण ती गप्प बसणारी नव्हती, आणि चूक सुधारायला गेलं की माणूस दुसरी करतो. तिनं सातवी टोपली आणली, आठवणींची. सुमनला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, तुह्या बाबाची आठवण लिही, लिवली का माणूस थोडा वापस येते. आठ दिवस तो कागद त्या पोरीच्या दप्तरात कोरा राहिला. नवव्या दिवशी तिची पेटी होती, चादर होती, सुमन नव्हती. बाजाराच्या जीपमध्ये बसून ती गावाला निघून गेली होती. कागद उशीवर ठेवला होता, घडी न मोडता.

वनमाला त्या गावाला तीनदा गेली. नाल्यापर्यंत जीप, पुढे पायी. पहिल्यांदा पोरगी गुरांच्या कोठ्यात लपून बसली. दुसऱ्यांदा समोर बसली, पण पाठ करून. आईला गोंडीच बरी यायची, शेजारचा एक म्हातारा मराठीत सांगत होता, "ते म्हनते, पोरगी शिकली पाह्यजे. पर तिले त्या कथा-बिथा सांगू नका, बाई." दुसऱ्या खेपेनंतर तिचे गुडघे भोपळ्याएवढे सुजले. मी तेल गरम करून आणलं आणि तोंडही सोडलं. "एका पोरीसाठी मरशील का आता?" असं म्हणाले मी. याच शब्दांत. ती म्हणाली, "तुह्या गणितात एक म्हंजे थोडं असन. माह्या वर्गात एक म्हंजे एक पोरगी." तिसऱ्यांदा ती दिवाळीनंतर गेली, आणि सुमन बरोबर आली. वाटेत तिनं एकच अट घातली होती. "येतो मी. पर गणित करीन. गोष्टी नाई."

मग ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसायची आणि मराठीच्या तासाला बाहेर, झाडाखाली, गणिताची वही घेऊन. वनमालानं परवानगी दिली होती. "आली ना वापस. बस झालं," असं ती चारचौघांत म्हणायची. पण रोज संध्याकाळी मी खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच, "आज काई बोलली का?" मी म्हणायचे, बोलली, अपूर्णांक बोलली. "आनखी?" आणखी काही नाही, वनमाला. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. दुखणं वाढत चाललं होतं. सोमवारी मी तिला नागपूरला तपासायला नेणार होते, तसं ठरलं होतं. शनिवारी भावाचा फोन आला, नाटकाचं तिकीट काढलंय, ये. मी घुटमळले. तीच म्हणाली, "जा ना वं. सोमवारी तर जाऊनच राह्यलो आपन." आणि मी गेले. पहाटे दुखणं छातीत चढलं, जीप काढली, गडचिरोली यायच्या आत सगळं संपलं. वाटेत ती काही बोलली का, हे मी अधीक्षिकांना अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

अशा लेखात गेलेल्या माणसाचं कार्य पुढे नेऊ, असं काहीतरी लिहायची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. तिच्या जागी कोणी येईपर्यंत मराठीचे तास माझ्याकडे आले आहेत. पहिल्या दिवशी मी वर्गात उभी राहिले. सात टोपल्या भिंतीला. एका मुलानं विचारलं, "बाई, आज कोनती टोपली?" मी फळ्याकडे वळले आणि अपूर्णांकांची बेरीज लिहिली. तेव्हापासून मराठीच्या तासाला मी गणितच शिकवते आहे. पोरं वहीत उतरवून घेतात. आणि झालं असं, की दुसऱ्याच दिवशी झाडाखालची सुमन वही घेऊन आत आली आणि बाकावर बसली. वनमालानं जिवाचं रान केलं तेव्हा जी पोरगी मराठीच्या तासाला आत आली नाही, ती माझ्या नालायकीनं आली. मला आनंद व्हावा की काय व्हावं, कळेना. पुस्तकांवर धूळ बसते आहे. ती मी झटकतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात, अभ्यासाच्या घंटेआधी, मी व्हरांड्यात वह्या तपासत होते. पलीकडे पायरीवर सुमन दुसरीतल्या तीन-चार पोरींची गणितं घेत होती. "एका मानसापाशी बारा आंबे होते. पाच त्यानं वाटले. किती उरले?"

"सात," पोरी ओरडल्या. सुमन पुढच्या गणितावर बोट ठेवणार, तेवढ्यात त्यांतली सगळ्यात लहान, यंदाच वसतिगृहात आलेली, म्हणाली, "मंग त्या सात आंब्याईचं काय केलं त्यानं?"

"पुस्तकात नाई लिवलं."

"पर केलं काय?"

सुमननं बोट मागं घेतलं. माझा लाल पेन वहीवर तसाच राहिला. "घरी नेले," ती म्हणाली. "त्याची पोरगी होती घरी. तिच्यासाठी."

"जंगलातून?"

"जंगलातूनच. दुसरा रस्ता कुठी हाय?"

"वाघ नाई भेटला त्याले?"

मला वाटलं, उठावं, त्या चिमुरडीला गप्प करावं, घंटा वाजवावी. माझ्यानं उठवलं नाही. सुमन पुस्तकाकडे पाहत होती, तिथं तर फक्त आकडे होते. "भेटला," ती म्हणाली. "रस्त्यात बसून होता. मंग उठला, बाजूले झाला. आन् तो मानूस घरी आला."

"आंबे घेऊन?"

"सातच्या सात," सुमन म्हणाली, आणि पुढचं गणित वाचायला लागली.

मी वह्या तिथंच टाकल्या आणि खोलीकडे गेले, जवळजवळ धावतच. दार ढकललं. "वनमाला, बोलली गं ती..." एवढं तोंडातून निघूनही गेलं होतं. लोखंडी खाट, तिच्यावर गुंडाळलेली गादी, दोरीनं बांधलेली. मी दार आतून लावून घेतलं, माझ्या खाटेवर बसले आणि समोरच्या त्या खाटेला सगळं सांगितलं. मोठ्यानं, सावकाश, एक शब्द न गाळता... बारा आंबे, पाच वाटले, सात उरले, वाघ बाजूला झाला, माणूस घरी आला. मग, ती आणखी काही विचारेल म्हणून, मी वाट पाहत बसले.