बिबड्यावरचं दोंडाईचा

परदेशातल्या नोकरीतून सहा महिने सुट्टी घेतली आणि एरंडोलजवळच्या आमच्या गावी बायकांसाठी लिहिण्या-वाचण्याचा फुकट वर्ग काढला. 'अ अननसाचा'पासून सगळे तक्ते मी स्वतः रंगवले होते. आई म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस." तिचाही अंदाज चुकला. चौथ्याच दिवशी वर्गात फक्त मी आणि माझे तक्ते.

मला रागच आला. तणतणत शेजारच्या अक्कांकडे गेले, तर अख्खा वर्ग त्यांच्या गच्चीवर! उन्हाळा लागलेला, बिबड्यांचे म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस. खाटांवर ओली लुगडी अंथरून बायका शिजवलेल्या ज्वारीचा गरम घाटा हातानं गोल थापत होत्या. सुट्टी मी घेतली होती, त्यांनी नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बस वं पोरी, थाप," अक्का म्हणाल्या. "आनि माले ते अननस नको शिकाडू. माले दोंडाईचा वाचनं शे."

दोंडाईच्याला त्यांची धाकटी बहीण. धुळ्याला गाडी बदलावी लागते. एकदा गाडीची पाटी वाचता येईना, कुणीतरी सांगितलं म्हणून अक्का भलत्याच गाडीत बसल्या आणि चोपड्याला जाऊन उतरल्या. तेव्हापासून घरचे एकटं सोडत नव्हते, आणि सोबत जायला कुणाला सवड नव्हती. दोन वर्षं बहिणीची भेट नाही.

मी ओल्या बिबड्यावर बोटानं 'धुळे' काढलं, पुढच्यावर 'दोंडाईचा'. अक्कांनी गिरवलं. चुकलं की वरून हात फिरवायचा, बिबडा पुन्हा कोरा. माझ्या तक्त्यांना ही सोय नव्हती. मी थापलेले बिबडे मात्र इतके जाड की बायका हसून बेजार. "हाऊ बिबडा शे का भाकर?"

पंधरवड्यानं मुलाची मनाई धाब्यावर बसवून अक्का एकट्या निघाल्या, सोबत बिबड्यांचा डबा. मी फोन हातात धरून बसले. चुकल्या तर त्यांचं घराबाहेर पडणं कायमचं संपणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

दुपारी फोन आला. अक्का बहिणीच्या घरून बोलत होत्या. मला आनंदानं रडू फुटलं, आणि त्या हसत होत्या. धुळ्याच्या स्टँडवर म्हणे एक शिकलेसवरलेले नाना चष्मा घरी विसरून आले होते. त्यांनी अक्कांनाच विचारलं, "अक्का, ही गाडी कुठली?"

जन्मभर हा प्रश्न अक्काच लोकांना विचारत आल्या होत्या.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"आधी दोनदा पाटी वाची. मंग सांगं, बसा नाना, दोंडाईचानीच शे."