खरखर निवडताना

गिटारच्या सुरेल आवाजाचं वाटोळं करणारी पायाने दाबायची डबी असते, तिला फझ पेडल म्हणतात. ती मी घरीच बनवतो. अंबरनाथच्या कंपनीत क्वालिटी तपासायची आणि बदलापूरला घरी येऊन आवाज बिघडवायचा, असा माझा दिनक्रम आहे.

जाणकारांच्या मते या डबीत जुन्या काळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टरच हवेत. हल्लीच्या सिलिकॉनला म्हणे आत्मा नसतो. हे जाणकार मला इंटरनेटवर भेटले होते. मी त्यांचं ऐकून थेट परदेशातून ट्रान्झिस्टर मागवले. उल्हासनगर जवळ होतं, पण तिथे सगळं डुप्लिकेट मिळतं, हे मी कधीही न तपासता छातीठोकपणे सांगत असे.

डबी तयार झाली, वाजेना. शेवटी उल्हासनगरला एका म्हाताऱ्या सिंधी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी माझा ट्रान्झिस्टर मीटरला लावला.

"सहाशे मिलिव्होल्टच्या वर दाखवतोय. जर्मेनियम दोन-तीनशेवर थांबतं, बेटा." मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने वरचा रंग खरवडला. खाली दुसराच नंबर निघाला. "सिलिकॉन आहे. कुठून आणला?"

"बाहेरून," मी म्हणालो.

"बाहेरून म्हणजे? कल्याण?"

"युरोप."

ते बराच वेळ हसले. मग त्यांनी मोडीत निघालेल्या रेडिओंमधून काढलेल्या ट्रान्झिस्टरचा एक डबा पुढे केला. ट्रान्झिस्टरने सूर किती पट वाढवावा, त्याच्या आदर्श आकड्यांची यादी मी खिशातून काढली आणि एकेक मोजू लागलो. एक यादीत अगदी चपखल बसला. मी आनंदाने तो चिमटीत घट्ट धरला, तर बोटांच्या उबेने आकडा चढतच गेला. वर पत्र्याचं छप्पर, वेळ दुपारची. दर पाच मिनिटांनी प्रत्येक ट्रान्झिस्टर आपली लायकी बदलत होता.

"कागद ठेव," अंकल म्हणाले. "उद्या सकाळी थंड वेळेला ये. गिटार आण. कानाने निवड."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वाजवत होतो, ते ट्रान्झिस्टर बदलत होते. मधेच त्यांनी विचारलं, "चाळीस वर्षं मी रेडिओची खरखर काढली. तू ती घालतोस कशाला?"

मी पुढचा सूर छेडला. निवडलेली जोडी माझ्या यादीच्या हिशेबाने नापास होती. आवाज मात्र असा जाड, भरदार की माझ्या अंगावर काटा आला. अंकलनीही मान हलवली. कौतुकाने की कीव येऊन, ते कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला मी ते पेडल वाजवलं. पहिला सूर निघताच साऊंडवाला धावत आला आणि वायर बदलली. दुसऱ्या सुराला स्पीकर बदलला. तिसऱ्याला चेअरमनने माईक घेतला: "तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व."

दोनशे लोकांसमोर मी जर्मेनियमची बाजू मांडू शकलो असतो. त्याऐवजी पेडल काढून ठेवलं, साधी गिटार वाजवली. टाळ्या पडल्या.

"बघ," बायको म्हणाली, "दुरुस्त झालं ना!"