बियाणं ठेवलं का खाल्लं

वाशीच्या एका शाळेच्या सभागृहात त्या उन्हाळ्यात दर रविवारी संध्याकाळी आफ्रिकेवर व्याख्यानं झाली. चार रविवार, चार वक्ते, नंतर चहा आणि वेफर्स. मी तेव्हा वीस वर्षांची होते, एका विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे आणि जगातल्या कुठल्याही अन्यायावर पाठपोट कागद भरून द्यायचे. चार-पाच वर्षं झाली, राग उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

राग आधी श्रोत्यांवर होता. मुंबईतून नव्याने फ्लॅटमध्ये राहायला आलेली नोकरदार मंडळी, त्यात माझे आईवडीलही आले. वक्ता सांगतोय की गोऱ्यांनी सुपीक जमीन स्वतःला ठेवली आणि तिच्या मालकांना खडकाळ पट्ट्यात नेऊन बसवलं, आणि मंडळी विचारतायत, तिकडे शुद्ध शाकाहारी जेवणाची सोय होते का. प्रश्न लेखी द्यायचे, ही अध्यक्षांची शिस्त. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. चिठ्ठ्या स्टीलच्या ताटात गोळा व्हायच्या, त्यातून ते निवडायचे. सिंह वस्तीत येतात का, ही चिठ्ठी त्यांनी पहिल्या दोन्ही रविवारी वाचली. माझी एकही नाही.

तिसऱ्या रविवारी मी जवळच्या बोनकोडे गावच्या एका मावशींना घेऊन गेले. पत्रकं वाटताना ओळख झालेली. त्यांची खाडीकाठची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती, शेवटचा तुकडा त्या वर्षी हातचा जात होता. मुलगा तुर्भ्याच्या कारखान्यात लागलेला. त्याचं म्हणणं, शेतच नाही तर कणगीतलं बियाणं कशाला, कांडून खाऊन टाकू. मावशींच्या हातून ते होत नव्हतं. खाऱ्या जमिनीत तगणारं तांबडं भात होतं ते, सासूकडून आलेलं. असलं बियाणं नुसतं जपून राहत नाही, दरवर्षी पेरलं तरच जगतं. मृग लागायच्या आत काय ते ठरवायला हवं होतं.

त्या दिवशीचे वक्ते प्राध्यापक होते, आफ्रिका फिरून आलेले. त्यांनी एका प्रचंड धरणाची हकिकत सांगितली. नदीकाठच्या गाळात पिढ्यान्‌पिढ्या पेरणारे लोक. धरण झालं, त्यांना ट्रकमध्ये घालून वरच्या कोरड्या माळावर सोडलं. वीज खाणींना आणि शहरांना गेली. मावशी खुर्चीच्या टोकाला येऊन ऐकत होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "इचार त्यांना. त्या लोकांनी बियानं ठेवलं का खाल्लं?"

मी कागद घेतला. आणि लिहिलं काय, तर "भांडवली विकासाच्या रेट्यात विस्थापित झालेल्या उत्पादक समूहांच्या पारंपरिक साधनसंपत्तीचे काय होते, यावर वक्त्यांनी प्रकाश टाकावा." वर स्वतःवर खूश झाले. आता ही चिठ्ठी कशी डावलतात बघू, असं वाटलं.

डावलली नाही. अध्यक्षांनी ती पहिलीच उचलली. प्राध्यापक खुलले, दहा मिनिटं बोलले. परकीय कर्ज, जागतिक बाजार, कच्चा माल. मी मान डोलावत होते.

"माझी चिठी कवा येल गो?" मावशींनी विचारलं.

"झाली की, मावशी. आत्ताची तीच."

"ती माझी नव्हती."

त्या उठल्या. बांधावरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "ओ मास्तर, त्या लोकांनी बियानं ठेवलं का खाल्लं?"

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "आजी, प्रश्न लेखी द्यायचा असतो."

"दिलेला लिवायला. लिवनारीनं बदलला."

आता हसू पुढच्या रांगेपर्यंत आलं. प्राध्यापक हसले नाहीत. "बाई, मला माहीत नाही," ते म्हणाले. "सरकारने काही दिवस धान्य पुरवलं, एवढं वाचलंय."

"तुमी तितं गेलेले ना?"

"धरण बघायला गेलो होतो."

"मानसं नाय भेटली?"

"भेटली. पण हे विचारलं नाही मी."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि चहा जाहीर केला.

वेफर्सच्या ताटलीशी आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला गाठलं. "अशांना कशाला आणतेस गं? त्यांना यातलं काय कळणार?"

"काकू, तीन रविवारांत धड प्रश्न एकच झाला, तो त्यांचा. आणि आपली स्वयंपाकघरं कुणाच्या शेतात बांधलीत, हे विचारलंत का कधी?"

काकू कप ठेवून आईला शोधायला गेल्या. त्यांच्यावर तोंड सोडणं सोपं होतं. अध्यक्षांनी मावशींकडे चिठ्ठी मागितली, मी तर त्यांचा प्रश्नच काढून घेतला होता, आणि तोही त्यांची बाजू घेते आहे असं समजून.

मावशी चहा न घेता फाटकाशी उभ्या होत्या. मी माफी मागायला लागले, तर तिचंही भाषण व्हायला लागलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुला वाटलं, माझं बोलनं त्या लोकांना कलायचं नाय. कललं बघ." मग पदर खोचत, "त्याला म्हाईत नाय, तुला म्हाईत नाय. पेनला माझ्या भावाची खाडीलगत जमीन हाय, ती अजून कोनी मागितली नाय. त्याला नेऊन देते उद्या. पेरल तर पेरल."

"मी येऊ सोबत?"

"नको गो बाय. तू तितं पन कागद वाटशील."

भावाने पेरलं की नाही, मला ठाऊक नाही. बोनकोडे आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. मी गेले नाही. त्या आठवड्यात मी त्या धरणावर पत्रक लिहीत होते. ते छापलं, चौथ्या रविवारी सभागृहाच्या दारात वाटलं. अध्यक्षांनीही एक घेतलं आणि मजकूर अभ्यासपूर्ण आहे म्हणाले. त्यात बियाण्याबद्दल एक ओळ नव्हती.