दम न सोडता
गोठ्यातल्या जुन्या कंदिलातल्या रॉकेलचा वास आला आणि चाकणजवळच्या एका घरातली कांद्याच्या पोत्यांनी भरलेली खोली आठवली. तेव्हा मी विहिरीवरची इंजिनं विकत होतो. महिनाअखेर एक तरी खपलं नाही तर माझी नोकरी जाणार होती. समोर घरातले थोरले शेतकरी बसले होते आणि त्यांचे दोघे भाऊ दार अडवून उंबऱ्यावर, त्यामुळे मला हलायलाही जागा नव्हती. येताना मी त्यांची विहीर पाहिली होती. पाणी इतकं खोल होतं की काठावरचं इंजिन ते ओढणार नव्हतं. थांबलो की ते नेमकं हेच विचारणार, म्हणून मी हुतूतूतला नियम लावला: दम सोडायचा नाही. रॉकेल, मोट, हमी, सुटे भाग, जे सुचेल ते बोलत राहिलो. शेवटी घसा सुकून ठसकाच लागला. "आता आमी बोलू का?" थोरले म्हणाले. "काठावरनं पाणी वर येतंय का?" मी दाराकडे पाहिलं. वाट नव्हतीच. "नाही. विहिरीत खाली ओटा बांधून इंजिन त्यावर बसवावं लागेल. खर्च वाढेल." "आमाला ठावं हाय. मग इतका वेळ हुतूतू कशापायी, राव?" भाऊ हसत उंबऱ्यावरून उठले. "चला, ओटा कुठं घालायचा ते दावा." तेव्हापासून गिऱ्हाइकाकडे जाताना बोलायच्या मुद्द्यांच्या माझ्या यादीतली पहिली ओळ ठरलेली आहे: मालाची अडचण आधी सांगणे. तरीही, कुणाच्याही घरी गेलो की मी अजून दाराजवळच बसतो.