फाटकाशी आलेली जीप

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन थोडीच वर्षे झाली होती. मी एका हिंदी दैनिकात वार्ताहर होतो. ईस्टरची बातमी मी दरवर्षी आदल्या दुपारीच लिहून टाकत असे. मागच्या वर्षीचे कात्रण काढायचे, तारीख बदलायची. मेणबत्त्या, प्रार्थना, उत्साह. चर्चमध्ये मी कधी गेलो नव्हतो.

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेत काही लोक गोंधळ घालणार, अशी कुजबुज आठवडाभर होती. शंकर नगरात आमच्या शेजारी नागपूरकडची एक कॅथलिक नर्स राहायची. तिची आठ वर्षांची मुलगी त्या प्रार्थनेत पहिल्यांदाच एकटी गाणार होती.

"भाऊ, तुम्ही चला सोबत," ती म्हणाली. "पेपरवाला दिसला का लोक जरा दबतात."

"एवढी भीती वाटते, तर जाता काहून?"

"येशूची कबर रिकामी दिसली तेव्हा बाया पहिले घाबरल्याच होत्या. आनंद मागून आला. आमचं ईस्टर तिथूनच सुरू होते. अन् पोट्टी महिनाभर गाणं घोकून राहिली. तिले काय सांगू?"

सातला चर्च भरले होते. मी मुलीशेजारी बसलो. बाहेर मोटारसायकल थांबली की माना वळत. एकाएकी सगळे दिवे गेले. कोणी ओरडले नाही, ते मला जास्त भीतिदायक वाटले. मग दाराबाहेर ज्वाळा उठल्या.

मी मोबाइलवर डेस्कला सांगितले, "लाइट काट दी है. गेट पर आग."

"पक्की है, भैया?"

"सामने देख रहा हूँ."

मुलीचा दंड धरून मी उठलो. तिच्या आईने मला खाली ओढले.

"बसा, भाऊ. ते फादरनं पेटवली. दिवे आम्हीच बंद करतो. येशू अजून कबरीत आहे ना."

त्या आगीवर पेटवलेली एक मोठी मेणबत्ती अंधारातून आत आली. तिच्यावरून प्रत्येकाने आपली पेटवली. माझ्या बातमीतल्या मेणबत्त्या त्या याच.

मी पुन्हा फोन लावला. लागेना. डेस्कने तोवर पोलिसांना कळवले होते. बायबलचे पहिले वाचन संपता संपता फाटकाशी सायरन वाजला. मागच्या बाकावरची बाई मुलांना बाकाखाली ढकलू लागली.

"आई, आले काय ते?" मुलीने विचारले.

वितळलेले मेण आईच्या बोटांवर उतरत होते.

मी बाहेर गेलो. जीपमधून शिपाई लाठ्या घेऊन उतरत होते. आग कोणी लावलेली नाही, खबर माझी होती आणि चुकीची होती, असे मी सांगितले. अधिकाऱ्याने माझे नाव लिहून घेतले. आत मुलीच्या गाण्याची वेळ झाली होती, पण गाणे सुरू होईना. मी दाराशी येऊन मोठ्याने म्हणालो, "पुलिस है. और कोई नहीं. मैंने बुलाई थी."

बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला. पहिली ओळ कापरी होती. दुसरी नीट उमटली. ती मी दारातच उभा राहून ऐकली. फाटकाकडे पाठ करण्याची हिंमत मला झाली नाही.