नेऱ्यापर्यंतचा कठीण मार्ग

नव्वद सालच्या आसपास आमच्या पनवेलच्या सोसायटीला धावायला लावलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या हेडक्लार्कसाहेबांनी. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांनी गाढी नदीकाठचे तीन मार्ग खडूने लिहिले होते. म्हाताऱ्यांना सोपा, संसारी माणसांना मध्यम आणि थेट नेरे गावापर्यंतचा कठीण. कठीण मार्गाला पूर्वपरवानगी लागे आणि ती अर्थातच साहेब देत. स्वतः ते स्कूटरवरून मागे येत.

"तत्त्वतः मीही धावलो असतो," ते म्हणत, "पण मग तुमच्यावर देखरेख कोण करणार?"

एका सकाळी नेऱ्याजवळ मी धापा टाकत बसलो होतो आणि साहेब मला श्वास कसा घ्यावा ते स्कूटरवर बसून शिकवत होते. तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक ठाकरीण झपझप आली.

"बाई, जपून हं. हा मार्ग कठीण आहे," साहेबांनी तिला बजावलं.

"मी नेऱ्याच्या पल्याड, पार डोंगराकडच्या मालडुंग्यावरनं येतेय," ती न थांबता म्हणाली. "मोळी पनवेलला इकायची न् परत जायाचं. तुमी त्या दादाला पानी पाजा आधी."

साहेब खाली उतरले. मग त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तिच्या मागोमाग चालू लागले.

ते घरी पोचले तेव्हा माझी आंघोळ, जेवण, सगळं उरकलं होतं. लंगडत ते फळ्यापाशी गेले आणि ‘कठीण’ हा शब्द त्यांनी तळहाताने पुसला. त्या जागी काय लिहावं, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.